बटण गेलं, हात मात्र अजून तिथंच जातो

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शिवाजी उद्यमनगरात घरचं मशीन शॉप, बिलाचं आणि खतावणीचं काम १९ वर्षं एकच गृहस्थ बघतात, लहानथोर सगळे त्यांना मामा म्हणतात. गेल्या महिन्यात बिलाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आपोआप उतरली. पडदा बदलला, ‘मागच्या बिलाची नक्कल’ हे बटण दिसेना, निम्मे शॉर्टकट चालेनात. मामांचं म्हणणं, “जुनं घाला, न्हाईतर उद्यापासनं मी येत न्हाई.” सॉफ्टवेअरवाल्यांचा पोरगा फोनवर सांगतो, “होईल सवय.” आणि तुम्ही विचारताय की जुन्यावर परत जाता येतं का, आणि मामा उगाच ताणतायत का.

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, ते आधी देते. मामा ताणत नाहीत. पहिल्याचं उत्तर तुमचा डेटा कुठं आहे, अपडेट होऊन किती दिवस झाले आणि नव्या आवृत्तीत किती बिलं झालीत यावर ठरेल. तिकडं येते, पण थोडं थांबून. कारण जुनं परत घातलं तरी ही अडचण पुढच्या वर्षी पुन्हा दारात उभी राहणार आहे.

मी २३ वर्षं कोल्हापुरात छोट्या कचेऱ्यांचे संगणक सांभाळते. सुरुवात एमएस-सीआयटीच्या वर्गात शिकवण्यापासून झाली, पुढं दुकानं, दवाखाने, पतसंस्था, अडत पेढ्या अशी कामं मिळत गेली. व्हायरसनं रडकुंडीला आलेली माणसं मी पुष्कळ बघितली, पण अपडेटनं रडकुंडीला आलेली त्याहून जास्त. फरक इतकाच की व्हायरसवाल्याला सगळे सहानुभूती दाखवतात आणि अपडेटवाल्याला हसतात.

एक करा. मामा बिल करत असताना त्यांच्या मागं पाच मिनिटं गप उभे राहा. त्यांची नजर पडद्यावर नसते. डाव्या हाताखाली मालाचं चलन, डोळे चलनावरच्या पार्ट नंबरवर, आणि उजवा हात आपला आपला चाललेला. अशा माणसाला मी विचारते, “काका, नक्कल कुठल्या बटणानं करता?” तर बहुतेक जण म्हणतात, “थांबा, करून सांगतो.” ते त्यांना शब्दांत आठवतच नाही, बोटांना आठवतं. आणि बोटांना समजावून सांगता येत नाही. नवं बटण कुठं आहे हे मामांना सकाळी दाखवलं, त्यांनी मान डोलावली, तरी दुपारी घाईत हात जुन्याच जागी जाणार. त्याला हट्ट म्हणणं अन्यायाचं आहे.

तुमच्याच शॉपमधलं उदाहरण देते. समजा, तुमच्या जुन्या टर्नरच्या लेथला रात्रीत कुणी क्रॉस स्लाइडचा, म्हणजे टूल पुढंमागं नेणारा, स्क्रू उलट्या आट्याचा बसवला. सकाळी त्यानं नेहमीसारखं हँडल फिरवलं आणि टूल मागं यायच्या ऐवजी जॉबमध्ये घुसलं. दहा जॉब स्क्रॅप. त्याला तुम्ही “होईल सवय” म्हणाल का? आधी विचाराल, स्क्रू बदलला कुणी आणि मला न सांगता का बदलला.

यात आणखी एक अवघडलेपण असतं. कचेरीत नवा लागलेला बावीस वर्षांचा पोरगा तेच बटण मिनिटात शोधून दाखवतो आणि सगळ्यांना वाटतं, बघा, वयाचा प्रश्न आहे. वयाचा नसतो. त्या पोराच्या हाताला जुनी सवयच नाही, म्हणून ती आडवी येत नाही. एका पतसंस्थेत सव्वीस वर्षांची मुलगी कॅशवर बसते. काउंटरचा पडदा बदलला त्या दिवशी तिनं मला फोन केला, “मॅडम, अर्धा तास झाला बटण शोधतोय मी, बाहेर लाइन लागल्या की ओ.” (कोल्हापुरातल्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, बाहेरच्यांनी दचकू नये.) तिची सवय फक्त तीन वर्षांची होती, तरी ही गत. मामांची १९ वर्षांची आहे.

आता कामाचं. मी अशा ठिकाणी गेले की ‘सगळं बदललंय’ हे वाक्य मनावर घेत नाही. सगळं कधीच बदललेलं नसतं. मी तीन ढीग करते: जागा बदललेलं, खरोखर काढून टाकलेलं, आणि जागेवरच असलेलं पण अर्थ बदललेलं.

पहिला ढीग नेहमी सगळ्यात मोठा निघतो. विंडोज ११ मध्ये फाइलवर राइट क्लिक केलं की निम्मे पर्याय गायब दिसतात. ते ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आड आहेत, शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुनी लांबलचक यादी सरळ समोर येते. ऑफिस २००७ आलं तेव्हा वरचे मेनू जाऊन त्यांच्या जागी ती रुंद पट्टी आली. लोकांनी डोक्याला हात लावला. पण एक्सेलमध्ये जुन्या मेनूच्या कळा चालूच ठेवल्या होत्या: ऑल्ट, मग ई, मग एस दाबलं की पेस्ट स्पेशल तसंच उघडायचं, मेनू दिसत नसला तरी. सीएंच्या कचेऱ्यांतली कितीतरी माणसं आजही तेच दाबतात आणि तो मेनू जाऊन किती वर्षं झाली याचा त्यांना पत्ताही नाही. तुमचं नक्कल बटणही याच ढिगात निघेल असा माझा अंदाज आहे. बिलाच्या यादीत जाऊन एका बिलावर उभं राहून राइट क्लिक करून बघा, किंवा ‘डुप्लिकेट’, ‘कॉपी’, ‘टेम्प्लेट’, ‘रिपीट’ यांपैकी काही शोधा. नाव बदललेलं असतं आणि आपण जुन्या नावानं हाका मारत बसतो.

दुसरा ढीग लहान, पण खरा. विंडोज ११ आलं २०२१ साली. त्यात टास्कबार, म्हणजे पडद्याच्या तळाची पट्टी, वर किंवा बाजूला नेण्याची सोयच नव्हती, जी विंडोज १० मध्ये होती. अशा वेळी सेटिंग कुठंतरी असेल म्हणून शोधत बसण्यात दिवस जातो. काढून टाकलंय हे एकदा पक्कं कळलं की माणूस शोधायचं थांबतो आणि दुसरा रस्ता बघतो. म्हणून सॉफ्टवेअरवाल्याला मी एकच प्रश्न लेखी विचारते: हे काढलंय की हलवलंय? फोनवर विचारलं तर “बघून सांगतो” येतं. ईमेलवर विचारलं की कुणालातरी खरंच बघावं लागतं.

तिसऱ्या ढिगाला मात्र मी घाबरते, आणि तुम्हीही घाबरा.

बटण नाहीसं झालं तर काम अडतं. बटण तिथंच राहून वेगळंच करायला लागलं तर काम अडत नाही, चुकतं. आणि चुकलेलं लगेच कळतही नाही. हिशोबाच्या टॅली सॉफ्टवेअरचंच बघा. टॅली ईआरपी ९ मध्ये कंट्रोल आणि एफ ८ दाबलं की क्रेडिट नोट, म्हणजे झालेल्या बिलातली रक्कम कमी करायचा कागद, उघडायची. नोव्हेंबर २०२० मध्ये टॅलीप्राइम आलं, त्यात क्रेडिट नोट गेली ऑल्ट आणि एफ ६ वर, आणि कंट्रोल-एफ ८ वर आली सेल्स ऑर्डर. त्यामागं त्यांची म्हणून एक संगती आहे, पण जुना हात जुन्याच कळेवर जातो. फोटोशॉपच्या ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीत तसंच झालं. पूर्वी चित्र लहानमोठं करताना प्रमाण राखायला शिफ्ट धरावी लागायची, नव्या आवृत्तीत न धरताच प्रमाण राहायला लागलं आणि शिफ्ट धरली की बिघडायला लागलं. लग्नपत्रिका करणाऱ्या एका ओळखीच्या छपाईवाल्यांकडं त्या महिन्यात गणपती नेहमीपेक्षा जाड झालेले मी पाहिलेत. तिथं बरं एवढंच की जुनी पद्धत परत लावायची सोय पुढं सेटिंगमध्ये आली.

माझी स्वतःची चूक सांगते, म्हणजे पुस्तकी वाटणार नाही. शाहू मार्केट यार्डात गुळाच्या एका अडत पेढीचं काम माझ्याकडं होतं. शेतकऱ्याचा गूळ सौद्यात गेला की त्याची पट्टी होते, म्हणजे रवे (गुळाच्या ढेपा) किती, वजन किती, दर काय, त्यातून खर्च वजा जाता हातात किती. तिथले दिवाणजी आधी कच्ची पट्टी छापायचे, मालकांना दाखवायचे, मग पक्की करायचे. कच्ची छापायला एक ठरलेली कळ होती. नव्या आवृत्तीत त्याच कळेवर ‘पक्की करा आणि शेतकऱ्याला एसएमएस पाठवा’ असं बसवलं होतं. मी शनिवारी संध्याकाळी ती आवृत्ती घातली, सगळं उघडतंय एवढं बघितलं आणि घरी आले. सोमवारी दिवाणजींनी नेहमीसारखी कळ दाबली, पट्टी छापून आली, त्यांना वेगळं काही दिसलंच नाही. दुपारपर्यंत चौदा शेतकऱ्यांना कच्च्या दराचे एसएमएस गेलेले. मालकांनी दर सुधारले तेव्हा पुन्हा चौदा एसएमएस गेले, कमी रकमेचे. पुढचं चित्र तुम्ही डोळ्यांपुढं आणू शकता. दिवाणजींचा काही दोष नव्हता. जुन्या आणि नव्या कळांची यादी शेजारी शेजारी ठेवून बघायला मला वीस मिनिटं लागली असती.

म्हणून मामांच्या बाबतीत आधी गायब बटणाच्या मागं लागू नका. जे शॉर्टकट ‘चालतात’, ते तेच करतात का, हे आधी बघा. गेल्या महिनाभरातली रद्द बिलं, क्रेडिट नोटा आणि चलनं एकदा डोळ्यांखालून घाला.

हे लोक असं का करतात, हा प्रश्न मामांनी तुम्हाला नक्की विचारला असेल. कुणी मुद्दाम छळत नाही. बरीच सॉफ्टवेअरं कुठलं बटण किती वेळा दाबलं जातं ते मोजतात आणि कमी वापराचं काढतात. ऐकायला रास्त वाटतं. पण वर्षअखेरचं काम वर्षातून एकदाच असतं. चकलीचा सोऱ्याही दिवाळीपुरताच लागतो, म्हणून घरात तो कुणी भंगारात घालत नाही. शिवाय वापराची माहिती पाठवायची नाही असं ज्यांनी सेटिंगमध्ये सांगितलेलं असतं, त्यांचं दाबणं मोजलंच जात नाही. दुसरं कारण मोबाइल. एकच पडदा फोनवरही चालावा म्हटलं की बटणं मोठी होतात आणि संख्येनं कमी होतात. मामा मात्र फोनवर बिलं करत नाहीत.

तिसरं कारण बाहेरच्याला दिसत नाही, पण मला ते सगळ्यात खरं वाटतं: आतलं जुनं बांधकाम पाडून नव्यानं बांधलेलं असतं. वाडा पाडून अपार्टमेंट बांधताना आधी फ्लॅट उभे राहतात, कोनाडे राहून जातात. विंडोज ११ चा टास्कबार असाच नव्यानं लिहिला. त्यामुळं फाइल ओढून टास्कबारवरच्या चित्रावर नेण्याची साधी सोय सुरुवातीला नव्हती, ती २०२२ मध्ये परत आली. उघड्या खिडक्यांची नावं वेगवेगळी दाखवण्याची सोय परत यायला २०२३ उजाडलं. त्याआधी विंडोज ८ नं ऑक्टोबर २०१२ मध्ये स्टार्ट बटणच काढलं होतं. वर्षभरानं ८.१ मध्ये बटण आलं, आणि मेनू पुरता परत आला जुलै २०१५ मध्ये, विंडोज १० बरोबर. लोकांच्या बोंबा ऐकू जातात, पण उशिरा.

आणि काही काढलेलं योग्यच असतं, हेही मामांना सांगा. इंटरनेटवरून आलेल्या फायलीतले मॅक्रो, म्हणजे फायलीत दडलेले छोटे प्रोग्राम, २०२२ पासून एक्सेल आपोआप अडवतं. त्यावरून मला किती शिव्या बसल्या! पण खोट्या बिलाच्या फाइलमधून व्हायरस शिरायची ती जुनी वाट होती. तिथं मी गिऱ्हाइकाच्या बाजूनं भांडत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न, जुन्यावर परत जावं का.

सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालत असेल आणि डेटा त्यांच्या सर्व्हरवर असेल, तर विषय संपला, परत जाता येत नाही. ‘क्लासिक व्ह्यू’ असं एखादं सेटिंग असेल तर लावा, पण ते वर्षभरात जाईल असं धरून चाला.

सॉफ्टवेअर तुमच्याच मशीनवर असेल तर जाता येतं, पण डेटाचं बघा. नव्या आवृत्तीनं डेटा एकदा उघडला की तो नव्या घडणीत बदलतो आणि बहुतेक वेळा जुनी आवृत्ती तो उघडत नाही. मग अपडेटच्या आधीच्या बॅकअपवर जावं लागतं आणि मधल्या दिवसांची बिलं पुन्हा भरावी लागतात. ती भरतानाही मोकळीक नाही. जीएसटीत बिलांचे क्रमांक ओळीनं लागतात, गिऱ्हाइकांकडं छापील बिलं गेलेली आहेत, म्हणजे तेच क्रमांक, त्याच तारखा, तेच आकडे हवेत. तुम्ही लिहिलंय रोज साधारण ४० बिलं. महिन्याचे २५ दिवस धरले तर हजार बिलं. त्यातलं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, कदाचित भरूनही झालंय. हजार बिलांच्या फेरनोंदीत दहा चुकणार, आणि ती दहा पुढं वर्षभर छळणार. अपडेटला दोनच दिवस झाले असते तर मी म्हटलं असतं, आजच परत जा. महिना झालाय, तर मी जाणार नाही.

कराचाही मुद्दा आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तेव्हा जुनी आवृत्ती धरून बसलेल्यांना दर हातानं बदलत बसावं लागलं. हिशोबाचं सॉफ्टवेअर लोणच्यासारखं मुरवत ठेवता येत नाही.

खुद्द विंडोजची मोठी आवृत्ती बदलली असेल तर हिशोब वेगळा. साधारण दहा दिवसांत सेटिंगमधल्या रिकव्हरीमधून मागं जाता येतं, नंतर तो पर्यायच निघून जातो. आणि विंडोज १० वर परत जायचं म्हणत असाल तर त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय, हे लक्षात घ्या.

एक गोष्ट हात जोडून सांगते. जुनी आवृत्ती कुठल्यातरी अनोळखी साइटवरून उतरवू नका, कुणी पेनड्राइव्हवर आणून दिली तरी घालू नका. अशा एका फाइलनं एका दवाखान्याचा सगळा डेटा कुलूपबंद झालेला मी पाहिलाय. त्यापुढं बटणाचं दुःख काहीच नाही.

मग मामांचं काय करायचं? एक जाड कागद घ्या आणि मामांच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. पोराला बसवू नका, तुम्ही बसा. मालक शेजारी बसला की ‘मला येत नाही’ची गोष्ट ‘आपण बघतोय’ची होते. दिवसभरात मामा जी कामं करतात ती कागदावर लिहा, बटणांची नावं लिहू नका, कामांची लिहा: मागचं बिल उचलणं, नग बदलणं, चलनावरून बिल करणं, पार्टीची बाकी बघणं. बाराच्या वर सहसा जात नाहीत. समोर नवी वाट लिहा. जी सापडली नाहीत त्यांच्यापुढं भोपळा काढा. भोपळे दोन-तीनच निघतात. ‘सगळं बदललंय’चे दोन-तीन भोपळे झाले की मामांचा आवाजही खाली येतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय.

मग हात वाचवता येतो का ते बघा. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये कळा आपल्याला हव्या तशा नेमून देता येतात, आणि कुणी तिकडं फिरकत नाही. फोटोशॉपमध्ये अनडूची जुनी पद्धत परत लावता येते. एक्सेलमध्ये अगदी वरच्या छोट्या पट्टीवर आपली नेहमीची बटणं नेऊन ठेवली की त्यांना ऑल्ट-१, ऑल्ट-२ असे शॉर्टकट आपोआप मिळतात. मला यातलं सगळ्यात आवडतं उदाहरण मराठी टायपिंगचं. कचेऱ्यांतले जुने टंकलेखक रेमिंग्टनच्या मशीनवर शिकलेले. पुढं संगणक आले, मग जुने फॉन्ट जाऊन युनिकोड आलं. सरकारी प्रमाण कळपाट इनस्क्रिप्टचा, तो पूर्ण वेगळा. पण सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेसारख्यांनी युनिकोडमध्येही टाइपरायटरचा कळपाट देऊन ठेवला. आतलं सगळं बदललं, त्या माणसांची बोटं मात्र होती तिथंच राहिली. हे ज्याला सुचलं असेल त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते.

इथं एक अनुभव माझ्या स्वतःच्या सल्ल्याच्या विरुद्ध जातो, तोही सांगायला हवा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शाहूपुरीत पाणी शिरलं, माझ्या काही गिऱ्हाइकांची मशीनं गेली. विंडोज ७ वर वर्षानुवर्षं काम केलेली माणसं एकदम नव्या मशीनवर, विंडोज १० वर येऊन पडली. जुनं काही बघायलासुद्धा शिल्लक नाही. पहिला आठवडा भयंकर गेला. तिसऱ्या आठवड्यात ती माणसं रुळली होती. उलट ज्यांच्याकडं पाणी आलं नाही आणि जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ चा पाठिंबा संपतोय म्हणून मी सवडीनं बदल केला, जुनं मशीन शेजारी चालू ठेवलं, ती माणसं सहा सहा महिने अवघड काम आलं की जुन्याकडं वळायची. दोन ठिकाणी अर्धा अर्धा डेटा झाला. तेव्हापासून मी जुनं मशीन ठेवते, पण फक्त बघण्यापुरतं. त्यावर नवी नोंद करायची सोय बंद करते. पूर यावा असं मी अर्थातच म्हणत नाही.

भोपळे उरले की सॉफ्टवेअरवाल्याला लिहा. “जुनं बटण परत द्या” असं लिहू नका, ते बाजूला पडतं. असं लिहा: “आम्ही रोज ४० बिलं करतो, त्यांतली ३० त्याच पार्टींची, त्याच पार्टची. पूर्वी मागचं बिल उचलून तारीख आणि नग बदलले की सहा कळांत काम व्हायचं. आता पार्टी, पार्ट, एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड), दर पुन्हा भरावे लागतात, ३१ कळा लागतात. गेल्या महिन्यात दर चुकल्यानं अमुक इतक्या क्रेडिट नोटा काढाव्या लागल्या.” कळा खरोखर मोजा, माझे आकडे उतरवू नका. असं पत्र विक्रीवाल्याकडून बनवणाऱ्याच्या टेबलावर जातं, कारण त्यात त्याला सोडवण्यासारखं काहीतरी असतं. दुसऱ्या तीन-चार कारखानदारांनीही तेच लिहिलं तर आणखी बरं. उद्यमनगरात तेच सॉफ्टवेअर वापरणारे तुम्ही एकटे नसणार.

पुढच्या वेळेसाठी थोडक्यात. सुरक्षेचे छोटे अपडेट अडवू नका. मोठी आवृत्ती मात्र तुमच्या सोयीनं घ्या: मार्चमध्ये नको, दर महिन्याला जीएसटीचं विवरणपत्र भरत असाल तर ११ आणि २० तारखेच्या आसपास नको. विंडोज ११ मध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थोपवता येतात. मोबाइलवर प्ले स्टोअरमध्ये त्या अ‍ॅपच्या पानावर तीन टिंबं दाबून आपोआप अपडेट बंद करता येतं. बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप मी धरतच नाही. जमलं तर नवी आवृत्ती आधी एका मशीनवर घाला आणि त्यावर पहिल्यांदा मामांनाच बसवा. चुका तेच सगळ्यात आधी पकडतील, कारण त्यांचाच हात अडखळेल.

आज संध्याकाळी मामांना एवढंच सांगा की जुनं परत येणार नाही, पण तुमचे पहिले पंधरा दिवस बिलं हळू झाली तरी चालतील. हे मालकाच्या तोंडून यायला लागतं. मग तो कागद करा. भोपळे किती निघाले ते, सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्तीचा आकडा मला कळवा, म्हणजे एकेका बटणाचं बोलता येईल. आणि या महिन्याचं जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरून होईपर्यंत त्या मशीनवर काहीही हलवू नका.